दाराकडची शिवण

भंडारा, ९ नोव्हेंबर

हर्षा,

शाळेत पत्रलेखन पाच मार्काचं होतं. वरती प्रिय मैत्रीण लिवा लागे अन खाली तुझी लाडकी. मले दोन्ही लिवाले जमून नाही राहिलं म्हणून नुसतं हर्षा लिवलं. मी गुड्डी. मोहाडीच्या शाळेत नववीपर्यंत तुह्या बेंचावर बसे ती.

तुहा पत्ता तुह्या आईनं माह्या आईले सांगतला. नागपूरच्या हॉस्टेलात तुमचे फोन जमा ठेवतात, रविवारी एक घंटा देतात, हे बी तिनंच सांगतलं. मागच्या रविवारी तुले तीन कॉल आले असतीन, समोरून कोणी बोललं नसन. ते मी होती. तू हॅलो कोण म्हणली का मी फोन कापला. लिवाले बसलं का कोणी तोंडाकडं पाहून नाही राहात, तेवढं बरं.

खास काही काम नाही. सहज लिवून राहिली.

मी आता भंडाऱ्याले ताराबाई मावशीकडं राहाते. मावशी ब्लाउज शिवे, आता तिचे डोळे कमी झाले. तिनं मले मशीन शिकवली अन हायवेवरच्या भैय्यालालभाऊच्या दुकानात लावून देलं. गाड्या सजवाचं दुकान आहे. सीटचे कव्हर, मॅट, स्टेअरिंगचं कव्हर, मानेमांगची उशी, सेंट, सारं भेटते. मांगच्या खोलीत पडद्याच्या आड माही मशीन आहे. गिऱ्हाईकाले मी दिसत नाही अन मले गिऱ्हाईक दिसत नाही. म्हणूनच टिकली मी तिथं.

पण माल निवडाले भाऊ मलेच नागपूरच्या बाजारात घेऊन जाते. म्हणते, गुड्डीची बोटं माह्या डोळ्यापेक्षा हुशार आहेत. मोठ्या गाड्या आता आपल्याकडंही लय झाल्या. ठेकेदाराच्या, डॉक्टरच्या, मिलवाल्यायच्या. कोणी नवी घेते, कोणी नागपूरवरून वापरलेली आणते. गाडी चाळीस लाखाची राहाते अन मॅटचे दोनशे कमी करा म्हणून अर्धा घंटा उभे राहातात. मंग त्यायले स्वस्तातलं द्या लागते, पण ते स्वस्त वाटलं नाही पाहिजे. घरी नेऊन त्यायचं मन खट्टू नाही झालं पाहिजे. ते पाहाचं काम माहं.

त्याचा भाऊनं मले एक नियम सांगतला आहे. जिथं हात लागते तिथं भारी लावाचं. जिथं नजर लागते तिथं बरं लावाचं. जिथं दोन्ही नाही लागत तिथं काहीही चालते. स्टेअरिंग माणूस दिवसभर धरते, तर तिथं अस्सल चामडं. बसाच्या जागी नरम रेग्झिन, पण वास घेऊन. नखानं ओरबाडलं अन रॉकेलसारखा वास आला का तो तागा सोडून द्याचा, उन्हाळ्यात त्या गाडीत बसवत नाही. सीटच्या पाठीले साधं. अन सीटची जी बाजू दाराकडं राहाते, दार लावलं का कोणालेच दिसत नाही, तिथं उरलेसुरले तुकडे. आजवर एकही माणूस भांडाले आला नाही.

तुमच्या काळ्या गाडीचे कव्हर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याच दुकानात झाले. त्यावरून आठवलं. भाऊ सध्या दसऱ्यातले कव्हर फुकट तपासून देऊन राहिला. दहा मिनिटाचं काम आहे. बाबाले सांगजो, गाडी घेऊन या म्हणून. तुह्या भुपेंद्रदादाची सोयरीक जुळली, साक्षगंधाले तुमी तीस तारखेले बालाघाटले जाऊन राहिले म्हणे. त्याच्या आधी आणली तर बरं होईन.

तू समोरच बसत असशीन, डाव्या बाजूले. शाळेच्या सहलीतही तुले समोरचीच सीट पाहिजे राहे. एवढ्या खेपेले मांग बसजो. मांग आराम राहाते.

अजून एक. त्या दिवशी दुकानात तू मले आवाज देला असं सेवकरामदादा, म्हणजे आमचा फिटर, सांगे. मी नव्हती तिथं. दोरा आणाले गेली होती.

गुड्डी


भंडारा, १४ नोव्हेंबर

हर्षा,

पोस्टमन रोज दुकानासमोरून जाते, थांबत नाही. तुह्या परीक्षा चालू असतीन.

फुकट तपासाचं मी खोटं लिवलं होतं. भाऊनं असं काही काढलं नाही. दुसरं काय लिवू ते सुचलं नाही म्हणून लिवलं. आता बरोबर सांगते, तू पुरतं वाचजो.

दोन तारखेले कोंढा गावाकडचे एक डॉक्टर आले. त्यायच्या गाडीले धानाच्या ट्रॉलीनं बाजूनं ठोकलं होतं. दार आतमंधी दबलं होतं ते शोरूममंधी नवं बसवून आणलं, फक्त कव्हर राहिलं होतं. डॉक्टर आपल्या पायानं चालत पडद्याच्या आत, माह्या मशीनपाशी आले. हातात चहाचा कप होता. म्हणाले, बाई, होतं तसंच शिवून दे, एका टाक्याचा फरक नको.

मी फाटलेलं कव्हर हातात घेतलं. ते दाराकडच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत उलगलं होतं. कापड कुठीच फाटलं नव्हतं, नुसती शिवण गेली होती. मी दोरा पाहिला तर एकदम बारीक, आपण फ्रॉकची झालर लावतो तसला. मले हसू आलं. सेवकरामदादाले म्हटलं, एवढ्या महागाचं कव्हर अन दोरा पाहा कसा वापरला, मावशीनं असा टाका पाहिला असता तर माह्या बोटावर पट्टी मारली असती.

दादा हसला नाही. त्यानं मले गाडीजवळ नेलं अन दाखवलं. मोठ्या गाडीत सीटच्या दाराकडच्या बाजूत, पोटामंधी, एअरबॅग राहाते. सीटमंधली एअरबॅग कुठून निंगते हे मले माहीत नव्हतं. बाजूनं ठोकर लागली का ही पापणी लवाच्या आधी बाहेर येते अन माणसाच्या अन दाराच्या मधात फुगते. तिले बाहेर याले जागा पाहिजे. म्हणून तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवतात. तिथला टाका तुटलाच पाहिजे. तो तुटला म्हणून हे डॉक्टर चहा पिऊन राहिले, असं दादा म्हणे.

हर्षा, तुमच्या गाडीत ती शिवण पक्की आहे. जाड दोऱ्याची, दोन टिपांची. समोरच्या दोन्ही सीटांले. मले मालकानं बाजू बंद कर म्हणून सांगतलं, तशी मी केली. दुकानाची चूक आहे.

रविवारी फोन भेटला का बाबाले सांगजो. कव्हर काढून फेकाले सांगजो. दुकानात आणाची बी गरज नाही, घरीच कापून काढा. तोवर तू समोर बसू नको.

गुड्डी


भंडारा, २० नोव्हेंबर

हर्षा,

तुही चिठ्ठी काल आली. चार ओळीची आहे पण मी गंजदा वाचली.

तू लिवलं का बाबाले सांगतलं तर ते हसले. म्हणे कव्हरवर एअरबॅगची पट्टी लावलेली आहे, आपण स्वतः पाहिली. आधी फुकट तपासतो म्हणतात, मंग चूक झाली म्हणतात, दुकानवाल्याले दुसरे कव्हर विकाचे असतीन म्हणून पोरीच्या हातून पत्र लिवून घेऊन राहिला. असं ते म्हणे. त्यायची काही चूक नाही. मीच तसं लिवलं.

अन खाली तू लिवलं, "मी पडद्याखालून तुहे पाय पाहिले. निळ्या पट्ट्याची चप्पल, नववीतलीच. मले पाहून टेबलाखाली काहून बसली?"

कव्हरचं अन टेबलाचं उत्तर एकच आहे. ते मी दोन पत्रांत लपवलं. आता सांगते, काही राहू देणार नाही.

त्या दिवशी दुकानात अकरा गाड्या होत्या. सारायले दसऱ्याच्या पूजेच्या आधी गाडी पाहिजे होती. तुहे बाबा अन तू बाहेर खुर्चीवर बसले होते. बाबाले कव्हर पाहिजे होते कारण तुमच्या धानाच्या मिलच्या कोंड्यानं सीट खराब होतात. भाऊ धावत आत आला अन मले म्हणाला, या गाडीच्या सीटमंधी एअरबॅग आहे. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कंपनीचं तयार कव्हर, ते उद्या सकाळी नागपूरवरून येईन, नऊ हजार जास्त लागतीन. नाहीतर आपलं शिवाचं, पण मंग दाराकडची बाजू उघडी ठेवा लागते, दिसाले जरा खराब दिसन. जाऊन विचार त्यायले, कोणतं पाहिजे. मले टाईम नाही.

एवढंच काम होतं. बाहेर जाऊन दोन गोष्टी विचाराच्या.

मी पडदा सरकवला. तू पांढरा ड्रेस घालून बसली होती. केस कापले होते. बाबासंग काहीतरी बोलून हसून राहिली होती अन तुह्या हातात इंग्रजीचं जाडं पुस्तक होतं. माह्या हाताले चिकटवाच्या सोल्युशनचा काळा थर होता, ओढणी मशीनच्या चाकात जाते म्हणून कमरेले गुंडाळली होती, डोक्यात रेग्झिनचा भुसा. अन मले आठवलं का मी शाळा सोडताना तुले काय सांगतलं होतं. मी म्हटलं होतं, आईचं कंबर दुखते, घरचं काम राहाते, आई बरी झाली का येईन. तू म्हणली होती, मी जागा धरून ठेवते.

आईच्या कंबरेले काही झालं नव्हतं. जोशीबाई वर्गात उभं करून धडा वाचाले लावत अन माहा आवाज निंगत नव्हता. त्या दिवशी सारा वर्ग हसला, तू नव्हती हसली. मले तुह्याच न हसण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी गेलीच नाही, मंग तिसऱ्या दिवशी कशी जाऊ, असं करता करता तीन वर्ष झाले. हे मी आईलेही सांगतलं नाही.

तेवढ्यात तू मले पाहिलं अन गुड्डी म्हणून आवाज देला. मी टेबलाखाली बसली. तू पडद्यापाशी येऊन अजून दोनदा आवाज देला. मी मशीनचा पाय धरून बसली होती. तू गेली तरी मी बाहेर निंगाली नाही.

मंग भाऊनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, आपलंच शिवा म्हणाले.

बाबानं असं काही म्हटलं नव्हतं. त्यायले कोणी विचारलंच नाही.

भाऊनं साफ सांगतलं होतं, बाजू उघडी ठेवजो, पण उघडी काहून ते मले तवा माहीत नव्हतं. मागच्या पत्रात मालकानं बंद कर म्हटलं असं लिवलं, ते खोटं आहे. त्यानं असं कधीच म्हटलं नाही. मी कापून पाहिलं तर उघडी बाजू अशी दिसे जशी फाटकी कुडती. मले वाटलं, हर्षा दार उघडन अन म्हणन, गुड्डीनं हे असं शिवलं. म्हणून मी बाजू बंद केली. भाऊचा नियम आहे, जिथं हात नाही अन नजर नाही तिथं काहीही चालते. पण तुह्या गाडीत मी तिथंही भारी लावलं. नवा तुकडा घेतला, उरलेला नाही. सारायत जाड दोरा घेतला. मावशी सांगते, टाका असा घाल का कापड फाटन पण टाका उसवणार नाही. मी तसा घातला, एकदा घालून वरून अजून एकदा. एवढं मन लावून मी आजवर काही शिवलं नाही. मले वाटे तू कधी त्याच्यावरून हात फिरवशीन अन तुले समजन.

अन ती पट्टी. एका जुन्या गाडीचं कंपनीचं कव्हर काढलं होतं, त्याच्या छोट्या करड्या पट्ट्या डब्यात पडल्या होत्या. इंग्रजीत एअरबॅग लिवलेल्या. तुमच्या सीटवर खाली तशी पट्टी होती, ती कव्हरनं झाकली गेली. वरून लावली तर कव्हर कंपनीचं वाटन, असं मले वाटलं. मी दोन पट्ट्या लावल्या. भाऊनं घाईघाईत पट्टी पाहिली अन त्याले वाटलं मी कंपनीच्या हिशोबानंच शिवलं. बाबानंही तेच पाहिलं. ज्या पट्टीवर बाबा विसंबून आहेत ती मी लावली आहे, हर्षा. ती खोटी आहे. तिच्याखाली काहीच बरोबर नाही.

दोन तारखेपासून मले हे माहीत आहे. ते तीन मुके कॉल सोडले तर नऊ तारखेपर्यंत मी काही केलं नाही. मोहाडीची बस तुमच्या मिलसमोरून जाते. आईकडं गेली तर मी खिडकीकडं पाठ करून बसते. दोनदा मान वळली तर गाडी फाटकात उभी दिसली. उतरली नाही.

तू आता मले मैत्रीण नको म्हणू, चालते. पण समोर नको बसू.

गुड्डी


भंडारा, २४ नोव्हेंबर

हर्षा,

वीस तारखेचं पत्र पेटीत टाकलं अन तिथंच उभी राहिली. मनात आलं, हे तिले दोन दिवसानं भेटन. ती रविवारी फोन करन. बाबा अजून हसतीन. पट्टी तर तिथंच आहे. पत्रानं पट्टी निंगत नाही.

मी दुकानात आली अन भाऊले सारं सांगतलं. कसं सांगतलं ते मले आठवत नाही. अर्धं सांगतलं, अर्धं सेवकरामदादानं समजून घेतलं अन त्याले सांगतलं. भाऊ खुर्चीवर बसून गेला. मले वाटलं आता चप्पल घाल अन नीघ म्हणन. तो स्टेअरिंगच्या कव्हरावरून बोट फिरवत राहिला. मंग म्हणाला, "हाताचं सांगतलं तुले, नजरेचं सांगतलं. जिवाचं सांगाचं माह्याकडून राहून गेलं." तो फोन घेऊन बाबाले लावाले लागला, पण मिलच्या आवाजात त्यायनं उचलला नाही. भाऊ म्हणाला, चाल, मी घेऊन जातो तुले. मी म्हटलं, मी जाते. मले स्वतःले नवल वाटलं. त्यानं मले टाके कापाची ब्लेड कागदात गुंडाळून देली.

मी बावीस तारखेले गेली. बसमंधी या खेपेले तोंड खिडकीकडं करून बसली.

मिल जोरात चालू होती. अंगणात धानाचे ट्रॅक्टर, पोत्यायची थप्पी, साऱ्यायच्या भुवया कोंड्यानं पांढऱ्या. बाबा तराजूपाशी होते. गाडी शेडखाली उभी होती. मी फाटकापाशी उभी राहिली. कोणाले वाटलं हिशेबाले आली, कोणाले वाटलं कोंडा न्याले आली. एका हमालानं विचारलं, बोरी नाही आणली का बाई. मी मान हलवली. शेवटी बाबाचं लक्ष गेलं.

"कोणाची वो तू?"

मी म्हटलं, श्रावणची पोरगी. इथलीच. भंडाऱ्याच्या दुकानात शिवते.

त्यायनं ओळखलं. चेहरा बदलला. म्हणाले, तूच का ते पत्र लिवणारी. दुकानवाल्यानं आता घरीच धाडलं का.

मले जे बोलाचं होतं ते मी बसमंधी पाठ केलं होतं. एकही शब्द आला नाही. मी गाडीजवळ गेली, डाव्या बाजूचं दार उघडलं अन सीटच्या बाजूले हात लावून उभी राहिली. बाबा मांगून आले. मी म्हटलं, "काका, ही शिवण ओढा."

ते म्हणाले, कायले?

मी म्हटलं, ओढा. फाडून पाहा.

त्यायनं दोन बोटांनी ओढलं. मंग मुठीत धरून ओढलं. मंग एक पाय गाडीच्या पायरीवर टेकवला अन पोतं ओढतात तसं दोन्ही हातानं ओढलं. सीट हलली, शिवण नाही हलली. त्यायले मजा वाटाले लागली. हमालाले म्हणाले, ये रे, तू ओढून पाहा. त्यानंही ओढलं. बाबा हसून म्हणाले, "वा पोरी. आमच्या पोत्यायले अशी शिवण राहिली असती तर एक दाणा सांडला नसता."

हर्षा, आजवर कोणी माह्या कामाची अशी तारीफ केली नव्हती. अन मले वाटलं आपण इथंच मरून जावं.

मी म्हटलं, म्हणूनच आली काका. ही तुटाले पाहिजे होती.

मंग मी बोलली. बोट ठेवून ठेवून सांगतलं. याच्या पोटात काय आहे, ते कुठून निंगते, डॉक्टरच्या गाडीत शिवण कशी उलगली. मिलचा आवाज चालू होता तर मले जोरात बोला लागलं. जोरात बोलाची मले सवय नाही, आवाज फाटून निंगे. पण निंगाला. वर्गात जो नाही निंगाला तो तिथं निंगाला, पाच हमालासमोर.

बाबानं पट्टीवर बोट ठेवलं. "मंग हे काय लिवलं आहे?"

"एअरबॅग."

"हे खरं नाही?"

"नाही. मी लावली."

त्यायनं बोट उचललं. सीटच्या बाजूकडं पाहात राहिले. मंग विचारलं, ठोकर या बाजूनं लागली असती तर?  ते म्हणाले, दिवाळीत हर्षाले आणाले मी याच गाडीनं गेलतो. ती इथंच बसून आली. झोपली होती, डोकं दाराले टेकवून.

मंग ते पोत्यावर बसून गेले.

मले वाटलं आता शिव्या देतीन. मी शिव्या खायाले तयार होऊन आली होती. त्यायनं विचारलं, त्या दिवशी काय झालं. मी सांगतलं. नऊ हजाराचं, उघड्या बाजूचं, टेबलाचं. तुहं नाव घेताना मी खाली पाहिलं. ते ऐकून हळूच म्हणाले, "बाहेर येऊन विचारलं असतं तर मी नऊ हजार देले असते बाई. दोन मिनिटाचं काम होतं."

बाबा रागात बोलले असते तर बरं झालं असतं. ते असे बोलले जसं माहंच काही हरवलं आहे.

मी ब्लेड काढली. दुहेरी टीप होती, माहीच, तर उसवाले लय वेळ लागला. बोट कापलं. बाबा उठून आले अन त्यायनं कापड दोन्ही हातानं ताणून धरलं, म्हणजे मले टाका दिसावा. मी कापत गेली, ते धरत गेले. दोन्ही सीटा झाल्या. पट्ट्या कापून मी त्यायच्या हातात देल्या. त्यायनं त्या खिशात टाकल्या. कायले टाकल्या ते मले माहीत नाही.

मी म्हटलं, कंपनीचे कव्हर भाऊ मागवून देते, पैसे माह्या पगारातून कापतीन. बाबा म्हणाले, ते माहं मी अन भैय्यालाल पाहून घेऊ. साक्षगंधाले असंच जाऊ, बाजू उघडी राहू दे. मी म्हटलं, खराब दिसन काका, पाहुणे पाहातीन. ते म्हणाले, पाहू दे.

निंगताना त्यायनं विचारलं, हर्षाले हे माहीत आहे का. मी म्हटलं, वीस तारखेले लिवलं. ते म्हणाले, एकोणतीसले तिले आणाले नागपूरले जाऊन राहिलो. येताना भंडाऱ्यावरूनच येईन. दुकानापाशी थांबतो.

मी हो म्हणली नाही अन नाही बी म्हणली नाही. बस आली, बसली.

आता तुले सांगते. तू त्या गाडीत बसशीन तवा दाराकडं हात लावून पाहजो. बाजू उघडी आहे, कडेले माह्या ब्लेडचे वेडेवाकडे काप आहेत, कुठी कुठी जाड दोऱ्याचे तुकडे अडकून राहिले आहेत. फाटक्या कुडतीसारखंच दिसते. ते मीच केलं आहे. तुले जे नाही दाखवाचं म्हणून मी एवढं सारं केलं, ते आता तुह्या हाताजवळच राहीन. सोबत दोन दोरे पाठवले आहेत, एक जाडा, एक बारीक. दोन्ही ओढून पाहजो. बारीक लगेच तुटन. कंपनीचे कव्हर आले का त्यायचे टाके मी मोजून पाहीन, मंगच लावू देईन.

चप्पल अजून निळ्या पट्ट्याचीच आहे. हातही तसेच आहेत, सोल्युशन घासलं तरी जात नाही.

एकोणतीसले गाडी दुकानापाशी थांबली तर तू उतरू नको. बसल्या जागेवरून हाक मारजो. तीनदा नको मारू.

एकदाच मार.

गुड्डी